सिनेमातल्या माणसाची स्मृतिनोंद कशी लिहावी

कोल्हापुरात सिनेमाच्या धंद्यात आयुष्य घालवलेले एखादे माणूस गेले, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार-पाच ओळींची निधनवार्ता येते. तीत वय असते, भालजी पेंढारकरांच्या ‘जयप्रभा’ स्टुडिओत अनेक वर्षे काम केल्याचा उल्लेख असतो, मागे पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार असल्याचे सांगितलेले असते आणि शेवटी रक्षाविसर्जनाची वेळ असते. चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर श्रद्धांजली वाहणाऱ्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो दिवंगताच्या फोटोपेक्षा फार लहान नसतात. आठ दिवसांनी फ्लेक्स उतरतो. त्या माणसाने नेमके कोणते काम केले, कोणत्या चित्रपटांत केले, कोणत्या नावाने केले आणि ते कोणाच्या हाताखाली शिकले, यांपैकी काहीही कोठे आलेले नसते. पाच-सात वर्षांनी कोणी विचारले, तर घरच्यांनाही ते सांगता येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी मोठा ग्रंथ लिहावा लागत नाही. दोन-तीन पानांची, पडताळून पाहिलेली आणि पुराव्याच्या आधाराने उभी राहणारी नोंद पुरते. तिला मी स्मृतिनोंद म्हणतो. गेली काही वर्षे अशा नोंदी करताना ज्या चुका माझ्या हातून झाल्या आणि ज्या पद्धती उपयोगी पडल्या, त्यांच्या आधारे हे लिहीत आहे. कोल्हापूरच्या उदाहरणांवर भर असला, तरी नाटक, आकाशवाणी किंवा वृत्तपत्र या क्षेत्रांतल्या माणसांसाठीही हीच रीत चालते.

नोंद कोणाची करावी, हा पहिला प्रश्न. नामवंतांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बाबूराव पेंटर, व्ही. शांताराम, भालजी पेंढारकर, मास्टर विनायक या दिग्दर्शकांविषयी नव्याने लिहिणाऱ्याला निदान सुरुवात कोठून करायची हे कळते. ज्यांच्याविषयी एक ओळही नाही, ती माणसे वेगळी आहेत: चित्रपटगृहातला ऑपरेटर, रंगभूषाकार, लाईटमन, पडदे रंगवणारा, ढोलकी वाजवणारा, मारामारीच्या दृश्यांसाठी तालमीतून आलेला पैलवान, गर्दीत उभी राहणारी एक्स्ट्रा, चित्रीकरणाला घोडे पुरवणारा. ‘सैरंध्री’ (१९२०) या मूकपटासाठी बाबूराव पेंटरांनी गुलाबबाई आणि अनुसूयाबाई या दोन स्त्रियांना पडद्यावर आणले, त्यांची नावे बदलून कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवली, आणि या कामापायी समाजाने वाळीत टाकल्यावर त्यांना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. हे आपल्याला माहीत आहे ते तो बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट असल्यामुळे. नंतरच्या शेकडो चित्रपटांत उभ्या राहिलेल्या बायकांचे काय झाले, ते त्यांच्या नातवंडांना विचारल्याशिवाय कळणार नाही. म्हणून माझा सल्ला असा, की आपल्या गल्लीपासून सुरुवात करावी आणि जे माणूस हयात आहे त्याच्यापासून करावी.

नाव आधी पक्के करावे

सिनेमात एका माणसाची तीन-चार नावे असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे आणि नोंदीतले बहुतेक घोळ येथेच सुरू होतात. कागदोपत्री नाव, पडद्यावरचे नाव, धंद्यातले टोपणनाव आणि घरातली हाक, ही चारही नावे पहिल्याच पानावर स्वतंत्रपणे लिहावीत. बाबूराव पेंटरांचे मूळ आडनाव मेस्त्री. ‘पेंटर’ हे कामावरून पडले. शांताराम राजाराम वणकुद्रे हे जगाला व्ही. शांताराम म्हणून ठाऊक झाले. मास्टर विनायकांचे आडनाव कर्नाटकी. चंद्रकांत आणि सूर्यकांत या अभिनेत्या मांढरे बंधूंची मूळ नावे गोपाळ आणि वामन. सुधीर फडके हे रामचंद्र फडके म्हणून कोल्हापुरात जन्मले. हाकेची नावे तर आणखी फसवी असतात. जुना कामगार ‘बाबां’च्या सेटवर असे घडले म्हणून सांगू लागला, तर बाबा म्हणजे भालजी हे कोल्हापूरकराला कळते, पण वीस वर्षांनी ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला ते कळेलच असे नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या फत्तेलाल यांना साहेबमामा म्हणत, हेही आज किती जणांना माहीत असेल? अशी हाक आली, की लगेच त्या व्यक्तीचे पूर्ण नाव विचारून टिपून ठेवावे.

नावे एकसारखी असली, की दोन माणसांची आयुष्ये एकमेकांत मिसळतात. कोल्हापूरच्या चित्रपट इतिहासात नुसते ‘बाबूराव’ म्हणून चालत नाही, कारण पेंटरही बाबूराव आणि पेंढारकरही बाबूराव. सुलोचना हे नाव याहून कठीण. मूकपटांच्या काळात रूबी मायर्स यांनी पडद्यासाठी सुलोचना हे नाव घेतले. खडकलाटला जन्मलेल्या आणि भालजींच्या तालमीत तयार झालेल्या सुलोचना लाटकर या दुसऱ्या; त्यांचे निधन ४ जून २०२३ रोजी झाले. लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण या तिसऱ्या. त्या १० डिसेंबर २०२२ रोजी गेल्या. या दोन तारखांत सहाच महिन्यांचे अंतर आहे. एका स्मरणसभेसाठी मी टिपण तयार करत असताना गायिकेच्या नावावरचा एक पुरस्कार अभिनेत्रीच्या आयुष्यात घालून मोकळा झालो होतो. सभेच्या आदल्या रात्री एका वयस्कर गृहस्थांनी टिपण वाचून शांतपणे विचारले, “अहो, ह्या गात कधी होत्या?” तेव्हापासून नावासमोर जन्मगाव आणि कामाचे स्वरूप लिहिल्याशिवाय मी पुढचे वाक्य लिहीत नाही.

नात्यांच्या बाबतीत मराठीचा फायदा घ्यावा. इंग्रजी लेखनातून आलेला ‘कझिन’ हा शब्द चुलत, मामे, आते आणि मावस ही चारही नाती एका झाकणाखाली ठेवतो. भालजी आणि बाबूराव पेंढारकर हे सख्खे भाऊ, तर बाबूराव पेंढारकर आणि व्ही. शांताराम हे मावसभाऊ. कोल्हापूरच्या सिनेमात कोण कोणाला कंपनीत घेऊन आले, हे पुष्कळदा या नात्यांवरूनच उलगडते. त्यामुळे नाते नेमक्या शब्दात लिहिणे हा केवळ भाषेचा काटेकोरपणा नाही.

तारखांवर लगेच विश्वास ठेवू नये

जुन्या पिढीतल्या माणसाची जन्मतारीख १ जून अशी सांगितली गेली, तर थांबावे. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख माहीत नसली, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. शाळेच्या दाखल्यावरची तारीख नोंदीत जरूर द्यावी, पण ती दाखल्यावरची आहे असे म्हणून द्यावी. घरात जन्माची तिथी माहीत असेल, म्हणजे ‘नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी’ किंवा ‘जोतिबाच्या यात्रेत’ असे कोणी सांगत असेल, तर जुन्या पंचांगावरून तारीख काढता येते. वर्षाचा अंदाज मात्र आधी बांधावा लागतो.

वर्ष ठरवण्यासाठी माणसाला वर्ष विचारू नये. ऐंशी वर्षांच्या आजोबांना ‘हा सिनेमा कोणत्या साली झाला?’ असे विचारले, की ते एक आकडा सांगून टाकतात आणि मग त्या आकड्याला चिकटून बसतात. त्याऐवजी गावाला आठवणाऱ्या घटनांचे खुंटे रोवावेत. गांधीहत्येनंतरची जाळपोळ, जिच्यात १९४८ साली भालजींचा स्टुडिओही पेटवला गेला. १ मार्च १९४९ रोजी झालेले कोल्हापूर संस्थानचे विलीनीकरण. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. १९७२ चा दुष्काळ. त्यानंतरचे पंचगंगेचे मोठे पूर. ‘तुम्ही पहिल्यांदा स्टुडिओत गेलात ते भूकंपाच्या आधी की नंतर?’ या प्रश्नाला सहसा चूक उत्तर येत नाही. स्वतःच्या आयुष्यातले खुंटेही असतात: लग्न, थोरल्याचा जन्म, वडिलांचे जाणे. एका लाईटमनच्या बाबतीत चार चित्रपटांचा क्रम मी केवळ ‘त्या वेळी थोरली चालायला लागली होती का?’ या एका प्रश्नावर लावू शकलो.

चित्रपटाची तारीख म्हणजेही एकच तारीख नसते. चित्रीकरण, सेन्सॉरचे प्रमाणपत्र, मुंबई-पुण्यातले प्रदर्शन आणि कोल्हापुरातले प्रदर्शन यांत महिन्यांचे, कधी वर्षाचेही अंतर पडते. कामगाराला चित्रीकरण आठवते आणि पुस्तकात प्रदर्शनाचे वर्ष असते, म्हणून त्याची आठवण चुकीची ठरवण्याची घाई करू नये. पुरस्कारांचेही तसेच आहे. पुरस्कार ज्या वर्षासाठी दिला जातो ते वर्ष आणि प्रत्यक्ष प्रदानाचे वर्ष वेगळे असू शकते. भालजींना मिळालेला दादासाहेब फाळके पुरस्कार १९९१ चा, असे लिहिताना ‘चा’ हा प्रत्यय जपून वापरलेला असतो.

तारखेचा वार काढून पाहणे ही एक छोटी पण कामाची खटपट आहे. ‘सैरंध्री’ पुण्यात लागला ती तारीख ७ फेब्रुवारी १९२०, पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ची १४ मार्च १९३१ आणि प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ची ६ फेब्रुवारी १९३२. या तिन्ही दिवशी शनिवार येतो. आज आपण शुक्रवारला सरावलो आहोत. त्यामुळे त्या काळातल्या एखाद्या चित्रपटाची मंगळवारची तारीख कोणी दिली, तर ती लगेच खोटी ठरत नाही, पण आणखी एक आधार शोधावा एवढे निश्चित कळते.

दंतकथांची परीक्षाही तारखांनीच करता येते. लोकमान्य टिळकांनी बाबूराव पेंटरांना ‘सिनेमाकेसरी’ म्हणून गौरवले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० चे. ‘सैरंध्री’ त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पुण्यात लागलेला. काळ जुळतो, म्हणजे गोष्ट शक्य कोटीतली आहे. हाच प्रसंग कोणी ‘सिंहगड’शी जोडून सांगितला, तर तो चित्रपट १९२३ चा असल्यामुळे तो तेथेच बाद होतो. ‘सावकारी पाश’चेही असेच आहे. १९२५ च्या मूकपटात व्ही. शांतारामांनी शेतकऱ्याचे काम केले. त्याच नावाचा बोलपट बाबूरावांनी १९३६ साली केला, आणि तोवर शांताराम प्रभातबरोबर पुण्याला जाऊन तीन वर्षे झाली होती. म्हणून बोलपटाचे छायाचित्र शांतारामांच्या आठवणीसोबत छापलेले दिसले, तर छापणाऱ्याने वर्ष पाहिलेले नाही असे समजावे.

संस्थांच्या नावांनाही ही चाळणी लावावी. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. ‘आमचे आजोबा प्रभातमध्ये होते’ असे कोणी सांगितले, की कोल्हापुरात की पुण्यात, हे विचारणे आलेच. त्यातही कंपनीत की प्रभात नावाच्या चित्रपटगृहात, हेही विचारावे. दारावर तिकिटे फाडणारे आजोबा नातवंडांच्या तोंडी दोन पिढ्यांत कॅमेरामन झालेले मी पाहिले आहेत. यात लबाडी नसते. नुसत्या ‘प्रभात’ या शब्दाचे वजनच तेवढे आहे. मंगळवार पेठेतल्या ज्या जागेला सगळे जयप्रभा म्हणतात, तिचा पूर्वावतार कोल्हापूर सिनेटोन होता. त्यामुळे एकाच फाटकातून आत जाणारी दोन माणसे दोन वेगवेगळ्या संस्थांची नावे सांगू शकतात आणि दोघेही खरे बोलत असतात.

बोलते करणे

माणूस हयात असेल, तर त्याच्यासमोर बसून घेतलेल्या दोन तासांची बरोबरी दुसरे कोणतेही साधन करू शकत नाही. एका बैठकीत दीड-दोन तासांपेक्षा जास्त बसू नये. सकाळची वेळ बरी. जेवणानंतर वृद्ध माणूस थकतो. पंखा आणि टीव्ही बंद करण्याची विनंती करावी, मोबाईल त्यांच्या छातीच्या उंचीवर एखाद्या डब्यावर ठेवावा, आणि मुद्रण सुरू झाल्यावर पहिल्या वाक्यात तारीख, ठिकाण आणि दोघांची नावे उच्चारावीत. मुद्रण करत आहोत आणि त्याचे पुढे काय करणार आहोत, हे आधी सांगून संमती घ्यावी. घरी आल्यावर त्याच दिवशी फाईलला नाव आणि तारीख द्यावी व तिची दुसऱ्या ठिकाणी प्रत करावी. हे काम उद्यावर टाकले, की मोबाईल पाण्यात पडतो.

सुरुवात ‘तुमच्या कारकिर्दीविषयी सांगा’ अशी करू नये. असे विचारले, की माणूस सत्काराला उत्तर देऊ लागतो. जागेपासून सुरुवात करावी: ‘फाटकातून आत गेले की डाव्या हाताला काय होते? मेकअपची खोली कोणत्या बाजूला? जेवायला कोठे बसत होता?’ कोरा कागद पुढे करून नकाशा काढायला लावावा. हात चालू लागला, की माणसे आपोआप जागेवर येतात, आणि ‘इथं बाबा बसायचे, इथं आम्ही उभं’ असे म्हणता म्हणता मानपान, मजुरी आणि भांडणे सगळे बाहेर येते. नंतर कामाच्या कृतीकडे वळावे. दाढी चिकटवायला काय वापरत होता, ती किती वेळ टिकत असे, उन्हात सुटली तर काय करत होता. रिळाच्या शेवटी दुसरे यंत्र सुरू करण्याची खूण पडद्यावर कशी ओळखत होता. ज्याने आयुष्यभर ते काम केले, त्याच्याकडूनच हे मिळते. नटनट्यांचे किस्से दुसऱ्या कोणाकडूनही मिळतील.

मजुरी किती मिळत होती, हे विचारायला लाजू नये. रोजावर की महिन्यावर, पैसे कोण देत होते, बुडाले किती, पावसाळ्यात काम नसताना घर कशावर चालले, ही माहिती नोंदीला जमिनीवर ठेवते. मात्र बुडवणाऱ्याचे नाव केवळ एकाच्या सांगण्यावरून लिहू नये. ‘एका निर्मात्याकडून’ एवढे पुरते.

सांगणाऱ्याची बोली मुद्रणात आहे तशी राहते. उतरवून घेतानाही ती राहू द्यावी. ‘आमी काय हिरो हुतो व्हय? आमी वायरी वडायचो,’ हे वाक्य प्रमाण मराठीत आणले, की त्यातला माणूस निघून जातो. नोंदीचा तुमचा मजकूर प्रमाण भाषेत असावा आणि अवतरणातला त्यांचा मजकूर त्यांच्या भाषेत, ही विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते.

घरातल्या स्त्रियांशी वेगळे बोलावे. पतीच्या समोर काकू बहुधा ‘मला काय माहीत, तेच सांगतील’ म्हणतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्यावर मात्र कंपनीच्या किती माणसांना रात्री-अपरात्री जेवू घातले, कोणती नटी घरी राहून गेली, कोणता चित्रपट पडल्यावर बांगड्या मोडल्या, हे त्यांनाच तारीखवार आठवत असल्याचे दिसते.

माणूस नुकतेच गेले असेल, तर रक्षाविसर्जनाच्या दिवशी वही काढू नये. दिवस उरकल्यावर, पाहुणे परतल्यावर जावे. एकच विनंती मात्र लगेच आणि हलक्या आवाजात करावी: कपाट आणि माळा आवरताना कागद रद्दीत घालू नका.

कागद, पुस्तिका आणि फोटो

चित्रपटगृहात विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पुरावा आहे. आणा-दोन आण्यांच्या त्या चोपडीत कथासार, गाणी आणि श्रेयनामावली छापलेली असे, आणि चित्रपट नष्ट झाला तरी चोपडी एखाद्या ट्रंकेत सापडते. मूकपटांच्या बाबतीत तर कागदावरच विसंबावे लागते, कारण भारतात तयार झालेल्या मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. श्रेयनामावलीत नाव नाही म्हणून माणूस त्या चित्रपटावर नव्हता असे ठरत नाही. सहायकांची नावे पुष्कळदा गाळली जात. पण नाव असेल, तर ते ज्या शुद्धलेखनाने छापले आहे तसेच उतरवून घ्यावे. टोपणनावांचाही विचार करावा. भालजींच्या चित्रपटांना संगीत देणारे ‘आनंदघन’ म्हणजे लता मंगेशकर, हे आज शाळकरी मुलेही सांगतील, पण छापील श्रेयनामावलीवर फक्त आनंदघन असते.

यानंतर वर्तमानपत्रांच्या फायली. ‘पुढारी’, ‘सत्यवादी’ यांसारख्या स्थानिक दैनिकांतल्या सिनेमांच्या जाहिराती पाहाव्यात. कोणता चित्रपट कोणत्या टॉकीजला लागला आणि कितवा आठवडा चालू होता, हे तेथेच कळते. १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय येथे चार दिवस बसण्याची तयारी ठेवावी. संस्थानच्या काळातल्या कंपन्यांविषयी काही हवे असेल, तर कोल्हापूरच्या पुरालेखागाराकडे वळावे. तेथे मोडी वाचणारे कोणी सोबत असले तर काम सोपे होते. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे मुख्यालय कोल्हापुरातच आहे आणि धंद्यातल्या माणसांचा ठावठिकाणा कळायला तेथे विचारणा करता येते. आकाशवाणीवर काम केलेल्यांच्या बाबतीत कोल्हापूरच्या माणसाचा धागा बहुधा १९६३ साली सुरू झालेल्या सांगली केंद्रापर्यंत जातो. रेडिओवरच्या माणसाचे काम हवेत विरलेले असते. त्याच्या करारपत्रांवर, मानधनाच्या पावत्यांवर आणि श्रोत्यांच्या पोस्टकार्डांवरच भिस्त ठेवावी लागते.

फोटो हाताळताना घाई नडते. काळ्या पानांच्या अल्बममध्ये डिंकाने चिकटवलेला फोटो ओढून काढू नये. पान आहे तसेच स्कॅन करावे, सहाशे डीपीआय ठेवावे आणि मागची बाजू मोकळी असेल तर तीही करावी. पाठीमागे लिहायचे असल्यास मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. फोटोतल्या माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत आणि जो ओळखता येत नाही त्याची जागा मोकळी सोडावी. अंदाजाने घातलेले नाव पुढच्या दहा लेखांत सत्य म्हणून फिरते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत नदीकाठच्या वस्त्यांतल्या कित्येक घरांतले अल्बम भिजले. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले असतील तर कोरडे असताना सोलू नयेत. स्वच्छ गार पाण्यात अलगद सुटे करावेत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत.

घरात चित्रपटाच्या रिळांचे डबे सापडले, तर ते उघडून उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म कुजू लागली आहे. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची फिल्म नायट्रेटची असण्याची शक्यता असते आणि ती अत्यंत ज्वालाग्राही असते. एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. असे डबे देवघराजवळ किंवा गॅसच्या खोलीत मुळीच ठेवू नयेत, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा. १९६४ साली स्थापन झालेली ही संस्था याच कामासाठी आहे.

वस्तू कुटुंबाची आहे म्हणजे ती छापण्याचा हक्कही कुटुंबाचा आहे, असे नसते. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनापासून साठ वर्षे चालतो, तर लेखनाचा आणि, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, छायाचित्राचाही तो करणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. फोटो काढणाऱ्याचा शिक्का मागे असेल, तर तो नोंदीत लिहावा. स्टुडिओतले स्थिरचित्रकार हेही विसरल्या गेलेल्या माणसांपैकीच आहेत.

लिहायला बसल्यावर

पहिला मसुदा झाला, की त्यातली विशेषणे पेन्सिलीने खोडावीत. अष्टपैलू, चतुरस्र, अजरामर, हाडाचा कलावंत, भरून न येणारी पोकळी. यांपैकी प्रत्येक शब्द दुसऱ्या कोणत्याही माणसाला तसाच बसतो, म्हणून तो या माणसाविषयी काही सांगत नाही. त्याच्या जागी कृती लिहावी. ‘बाबूराव पेंटर हे चित्रपटसृष्टीचे अजरामर शिल्पकार होते’ असे लिहिण्याऐवजी असे लिहिता येईल: ‘बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (३ जून १८९० ते १६ जानेवारी १९५४) हे नाटकांचे पडदे रंगवत असत. आनंदराव पेंटर यांच्यासह त्यांनी स्वतःचा कॅमेरा तयार करण्याचा उद्योग आरंभला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना घेऊन तो पुरा केला आणि त्यावरच महाराष्ट्र फिल्म कंपनीचे पहिले चित्रपट घेतले.’ या वाक्यांत स्तुतीचा एकही शब्द नाही. तरीही खरी कॉर्नरजवळच्या कॅमेऱ्याच्या स्तंभापाशी उभ्या असलेल्या मुलाला तो स्तंभ तेथे का आहे, हे यावरून कळेल.

नोंदीचा क्रम जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ असलाच पाहिजे असे नाही, पण शिकण्याचा भाग लवकर यावा. हे शहर शागिर्दीवर चाललेले आहे. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे बाबूराव पेंटरांच्या कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांना घेऊन प्रभात काढली. तशीच लहान प्रमाणातली गुरुपरंपरा प्रत्येक रंगभूषाकाराच्या आणि ऑपरेटरच्या मागे असते. कोणाकडून शिकले आणि कोणाला शिकवले, या दोन ओळी नोंदीत आल्या, की एका माणसाच्या नोंदीतून आणखी दोन नोंदींची वाट सापडते.

किस्से ठेवावेत, पण ते कोणी सांगितले हे त्याच वाक्यात यावे. ‘त्यांच्या धाकट्या बंधूंच्या आठवणीप्रमाणे’ हे शब्द घातले, तर पुढे दुसरी हकीकत मिळाल्यावर पहिली खोटी पडत नाही. दोन्ही शेजारी उभ्या राहतात. कमी गौरवाच्या गोष्टीही सौम्यपणे याव्यात. दारू, कर्ज, सुटलेले घर यांचा उल्लेख कामावर परिणाम झाला असेल तेथेच आणि तेवढाच करावा, आणि मजकूर बाहेर देण्यापूर्वी जवळच्या नातलगाला वाचून दाखवावा. त्यांनी एखादी गोष्ट गाळायला सांगितली तर गाळावी, मात्र त्या जागी खोटी गोष्ट घालू नये. एकदा एका मुलाने वडिलांच्या नावापुढे ‘सहायक दिग्दर्शक’ लिहा असा आग्रह धरला. ते कंटिन्युटी सांभाळत. मी त्याला कंटिन्युटी म्हणजे काय, ती चुकली तर नायकाच्या हातातली काठी दुसऱ्या क्षणी डाव्या हातात कशी दिसते, आणि त्याचे वडील वही घेऊन दिवसभर कसे उभे राहत असतील, हे लिहून दाखवले. मग त्यानेच आधीचा शब्द खोडला.

नोंद ठेवायची कोठे

तयार नोंद एकाच जागी ठेवू नये. कोल्हापूरकरांना हे सांगण्याची गरज पडू नये. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. वास्तू पुन्हा उभारता येते. एकाच खोलीत एकाच प्रतीने ठेवलेला कागद पुन्हा आणता येत नाही. एक छापील प्रत घरच्यांना, एक वाचनालयाला, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावी, आणि मुद्रण व स्कॅन यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात. त्यांपैकी एक घर नदीपासून लांब असावे. मूळ फोटो आणि वस्तू कुटुंबालाच परत कराव्यात, आणि काय घेतले, काय परत केले याची यादी करून दोघांनी सही करावी. कुटुंबाला वस्तू सांभाळणे जमणार नसेल, तर चंद्रकांत मांढरे यांची चित्रे ज्या रीतीने राजारामपुरीतल्या संग्रहालयात सर्वांना पाहता येतात, तसा एखादा मार्ग त्यांच्यासमोर ठेवावा, निर्णय त्यांचा.

प्रत्येक प्रतीच्या शेवटी अर्धे पान कोरे सोडावे आणि त्यावर ‘दुरुस्ती व भर’ असे लिहून ठेवावे. नोंद वाचल्यावर कोणी तरी येतेच: “तुम्ही तिसरा म्हणून ज्याचं नाव घातलंय, तो तो नव्हे, माझा थोरला चुलता आहे.” त्या माणसाला खुर्ची द्यावी, त्याने सांगितलेले त्याच कोऱ्या पानावर तारखेसह लिहून घ्यावे, आणि त्याच्या थोरल्या चुलत्याविषयी नवी वही उघडावी.